रिकाम्या यूटचं वजन

आमच्या मंडळाच्या अंकात मी एरवी यूटबद्दल लिहितो. यूट म्हणजे इथला पिकअप — पुढे केबिन, मागे उघडा ट्रे. टायरमध्ये हवा किती ठेवायची, माल कसा बांधायचा, असलं काहीबाही. गाडीतून आवाज आला की तो बेअरिंगचा असतो, यापलीकडे माझा कशावर विश्वास नव्हता. भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की चहा टाकायला उठणारा माणूस मी. त्यामुळे पुढचं वाचून कोणी हसलं तर माझी काही तक्रार नाही. पण हे सांगितल्याशिवाय मला दुसरं काही लिहिता येत नाहीये.

आम्ही अ‍ॅडलेडला, मॉसन लेक्समध्ये राहतो. संजय — आमचा संज्या — आणि मी इथल्या युनिला, म्हणजे युनिव्हर्सिटीत, एकाच वर्षी आलो. तीन वर्षं एका खोलीत काढली. पुढे माझं लग्न झालं, घर झालं, मुलगी झाली. तो एकटाच राहिला, आमच्यापासून दहा मिनिटांवर. गेल्या हिवाळ्यात कामावरच त्याला अटॅक आला आणि तो गेला. सेहेचाळीसचा होता, माझ्याएवढाच.

मिरजेला त्याची आई एकटी असते. भाड्याचं घर रिकामं करायचं होतं, म्हणून मी काकूंना फोन करून विचारलं, सामानाचं काय करू?

"मला काही नको रे विजू," त्या म्हणाल्या. "फक्त ती निळी बॅग पाठव. पहिल्यांदा गेला तेव्हा मी भरून दिलेली."

बॅग मला चांगली माहीत होती. एअरपोर्टच्या पट्ट्यावर ओळखू यावी म्हणून काकूंनी तिच्या मुठीला हिरव्या साडीचा काठ बांधला होता. संज्याच्या कपाटावर ती सापडली तेव्हा तो काठ तसाच होता, नुसता विटलेला. आत काहीतरी होतं. मी उघडून पाहिलं नाही.

एजंटला सोमवारी किल्ल्या हव्या होत्या. रविवारी सकाळी मी एकट्यानेच यूट भरली. माझा नेहमीचा सल्ला तुम्हाला पाठ असेल — जड किंवा जपायची वस्तू सगळ्यात आधी, केबिनला चिकटवून ठेवायची. तिथे ती हलत नाही, वाऱ्याने उडत नाही. मी बॅग तिथेच ठेवली. तिला लागून मॅट्रेस, मग कपाट आणि खुर्च्या. बाकीचं टिपवर, म्हणजे कचरा टाकायच्या जागेवर रिकामं करायचं आणि बॅग घरी आणायची, असा बेत होता. शेजारच्या सीटवर का नाही ठेवली? त्या सीटवर माझं जॅकेट होतं. बस, एवढंच कारण.

टिपवर आत जाताना काट्यावर गाडीचं वजन होतं आणि बाहेर पडताना पुन्हा होतं. माझी यूट माझ्यासकट रिकामी दोन हजार चाळीस किलो भरते. आत जाताना आकडा आला २,३८०. म्हणजे संज्याचा संसार तीनशे चाळीस किलोंचा.

आत एक मोठा खड्डा आहे. काठापर्यंत गाडी मागे न्यायची, माल खाली ढकलायचा, आणि खाली एक लोडर मशीन तो गोळा करत फिरतं. माझ्यामागे चार गाड्या उभ्या होत्या. मी ट्रेमध्ये चढून घाईघाईने ढकलायला लागलो. शेवटी मॅट्रेस ओढली... तिच्यात अडकून बॅगही गेली.

खाली पडलेली दिसली मला. हिरवा काठ स्पष्ट दिसत होता. लोडर खड्ड्याच्या दुसऱ्या टोकाला होता, वळून येत होता. काठावर पिवळं जॅकेट घातलेला माणूस उभा होता. हात वर केला असता तर त्याने मशीन थांबवलं असतं, तो त्यासाठीच तिथे असतो. तेवढ्यात मागच्या गाडीने हलकासा हॉर्न दिला.

इथे इतकी वर्षं राहून एक सवय लागते — आपल्यामुळे रांग अडायला नको. सॉरी मेट, नो वरीज, ऑल गुड, असं म्हणत पुढे सरकायचं. मी हात वर केला नाही. बॅग ढिगाऱ्यात जाईपर्यंत नुसता बघत उभा राहिलो.

बाहेर पडताना काट्यावर आकडा आला — २,३८०.

खिडकीतली बाई हसली. "यू फरगॉट टू अनलोड, मेट?"

मी म्हटलं, रिकामी आहे. ती बाहेर आली, ट्रेमध्ये डोकावली. एक झाडू आणि दोन पट्टे. तिने पुन्हा वजन घेतलं. तोच आकडा. माझ्या मागच्या गाडीचं वजन मात्र बरोबर आलं. "मस्ट बी प्लेइंग अप," काटाच बिघडला असेल, असं म्हणत तिने मला जाऊ दिलं. पण ट्रेकडे तिने पुन्हा एकदा वळून पाहिलं, ते मी आरशात पाहिलं.

गाडी मागून बसलेली होती, नाक वर. भरलेली यूट चालते तशी — स्टिअरिंग हलकं आणि ब्रेक उशिरा. घरी येऊन टेप लावली. मागच्या चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंत माझ्या गाडीचं अंतर पन्नास सेंटीमीटर. आलं चव्वेचाळीस. खाली शिरून स्प्रिंगचे पाटे पाहिले, एकही तुटलेला नव्हता. टायरची हवा बरोबर. सोमवारी कामाजवळच्या दुसऱ्या काट्यावर नेली. २,३८०.

मधल्या वेळात रविवारीच काकूंचा फोन येऊन गेला होता.

"बॅग मिळाली का रे?"

"हो काकू. माझ्याकडे आहे."

माझी मुलगी इरा सोळा वर्षांची. शनिवारी दुपारी मी तिला यूटवर गाडी चालवायला शिकवतो. त्या शनिवारी गाडीकडे बघून ती म्हणाली, "बाबा, व्हाय इज इट सिटिंग सो लो?"

"स्प्रिंग जुने झालेत," मी म्हटलं.

भरलेल्या गाडीला थांबायला जास्त रस्ता लागतो, हे मी अंकात निदान पाच वेळा लिहिलं असेल. इराला मात्र सांगितलं नाही. कारण ती विचारणार, कशाने भरलीय? आणि मग बॅगेचं सांगावं लागलं असतं.

युनिजवळच्या झेब्रा क्रॉसिंगवर एक विद्यार्थी उतरला. इराने रोजच्या जागी ब्रेक दाबला. गाडी थांबेना. पांढरे पट्टे ओलांडून गेली... तो मुलगा मागे उडी मारून वाचला आणि त्याने बॉनेटवर जोरात हात आपटला.

"आय ब्रेक्ड, बाबा! सेम अ‍ॅज ऑल्वेज! आय स्वेअर!"

"तुझी चूक नाही, बाळा," मी म्हटलं. कोणाची आहे ते मात्र सांगू शकलो नाही. तिला बाजूला बसवून मी गाडी घरी आणली. किल्ली खिशात ठेवली आणि तसाच गाडीत बसून मिरजेला व्हिडिओ कॉल लावला.

सगळं सांगितलं. खड्डा, हॉर्न, पिवळ्या जॅकेटवाला माणूस, सगळं. काकूंनी मध्ये एकदाच विचारलं, "हात नाही वर केलास?"

"नाही, काकू."

त्यांच्या मागे पंख्याची घरघर ऐकू येत होती. मग म्हणाल्या, "वाण्याच्या काट्यावर नेऊन वजन केलं होतं मी तिचं. वीस किलोच्या वर एक ग्रॅम चालणार नाही, असं सांगून ठेवलेलं संजूने. दोनदा लाडू काढले, दोनदा परत घातले. शेवटी त्याचा स्वेटर काढला आणि लाडू ठेवले, तेव्हा बरोबर वीस भरली. तिथे थंडी असते हे मला काय ठाऊक..."



"जेवलास का तू?" त्यांनी विचारलं आणि फोन ठेवला.

खाली उतरलो तेव्हा गाडीची मागची बाजू वर आली होती. टेप लावायला हात धजेना. दुसऱ्या दिवशी लावली — जवळजवळ पन्नास. त्याच आठवड्यात कामाजवळच्या काट्यावर गेलो. आकडा आला २,०६०.

वीस किलो जास्त. त्यानंतर तीन वेळा, दोन वेगवेगळ्या काट्यांवर वजन केलं. दर वेळी २,०६०. ट्रे काढून धुतला, सीटखाली पाहिलं, स्पेअर टायर उतरवून वेगळा मोजला. मेंटेनन्समध्ये वीस वर्षं घालवलेल्या माणसाने जे जे करावं ते सगळं केलं. माझ्याकडे याचं उत्तर नाही. तुमच्यापैकी कोणाकडे असेल तर मला खरंच ऐकायचं आहे.

यूट मी विकलेली नाही. इराचा आता तिच्यावर छान हात बसतोय, तिला सगळं सांगून झालंय. काकूंना दर रविवारी फोन करतो. बॅगेचा विषय त्या काढत नाहीत, मीही काढत नाही. मालाचा हिशेब करताना वीस किलो आधीच धरतो.

मागच्या आठवड्यात आम्ही दोघं बागेसाठी मातीच्या गोण्या भरत होतो. केबिनला लागून मी सोडलेल्या जागेकडे बोट दाखवून इरा म्हणाली, "बाबा, वन मोअर विल फिट देअर."

"नको," मी म्हटलं. "ती भरलेली आहे."

तिने त्या जागेकडे पाहिलं आणि हातातली गोणी दुसरीकडे ठेवली.