तळीचा पाचवा माणूस

देवाशी माझं भांडण असं कधी झालं नव्हतं, फक्त बोलणं बंद झालं होतं. मागच्या वर्षी डेंग्यूने मला असं झोपवलं की पाणी प्यायचं तरी कोणाला तरी मान धरावी लागायची. बायको भरवायची, देऊळघाटचा मेहुणा उचलून न्हाणीघरात न्यायचा आणि शेजारचे एक काका रोज येऊन कापसाचा भाव विचारावा तशा माझ्या प्लेटलेट विचारायचे. त्या दिवसांत मी देवाला पुष्कळ हाका मारल्या. उत्तर आलं नाही, सलाईन आली. बरा झालो तेव्हा मनाशी पक्कं केलं, की यापुढे कोणाकडे काही मागायचं नाही. माणसाकडे नाही आणि देवाकडे तर नाहीच. बुलढाण्यात माझं साड्यांचं दुकान आहे. सकाळी दुकान उघडताना उदबत्ती लावायचो, पण ती गिऱ्हाइकांना बरं वाटावं म्हणून.

पायांत ताकद यावी म्हणून डॉक्टरांनी सकाळी फिरायला सांगितलं होतं. मी सायकल घेतली. सायकलच्या मागोमाग तंबू आला, छोटा स्टोव्ह आला, झोपायची पिशवी आली आणि सायकल चालवणारे घालतात ती गादी लावलेली घट्ट चड्डीही आली. बायकोने ती दोन बोटांत धरून उजेडात पाहिली आणि म्हणाली, की दिवसभर दुकानात गादीवर बसता ते कमी पडून राह्यलं का, आता गादी घालूनच फिरणार. मी तिला बेत सांगितला. बुलढाण्याहून निघायचं, सोनाळ्याच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्याशी जायचं, वाटेत तंबूत राहायचं, स्वतःचं स्वतः रांधायचं. एकट्याने. तिने एकच विचारलं, "काऊन?" का ते मलाच माहीत नव्हतं, म्हणून मी लांबलचक भाषण दिलं. त्याचा मथितार्थ असा, की या प्रवासात मी कोणाची काडीचीही मदत घेणार नाही. मेहुणा म्हणाला, मी टेम्पो घेऊन मागे मागे राहतो, तुम्हाला दिसणारसुद्धा नाही. त्याला मी जवळजवळ हाकलूनच दिलं.

मार्गशीर्ष नुकताच लागला होता. राजूर घाट उतरताना अंगावर येणारा गार वारा, घाटाखाली पसरलेला मुलूख आणि हातात फक्त ब्रेक, या सगळ्याने मी इतका खुशीत आलो की एका वळणावर समोरून येणाऱ्या माकडांना मी नमस्कारही केला. मोताळ्याच्या पुढे पहिला मुक्काम झाला. स्टोव्हवरची खिचडी खालून करपली आणि वरून कच्ची राहिली, पण मधला एक थर उत्तम होता. मी तेवढ्याचाच फोटो घरी पाठवला. दुसऱ्या दिवशी नांदुरा मागे टाकून पूर्णेचा पूल ओलांडला तेव्हा आभाळ भरून आलं होतं. जळगाव जामोदच्या अलीकडे तंबू ठोकला आणि पहाटेपासून झड लागली. अवकाळी पाऊस एरवी येतो, नुकसान करतो आणि जातो. हा मात्र मुक्कामाला आल्यासारखा बसला. त्यात वारा असा, की पाऊस वरून न येता समोरून यायचा आणि थेट बाह्यांत शिरायचा.

आता मागे वळून पाहतो तर त्या दिवशी मला किती माणसं आडवी आली होती ते दिसतं. एका चहावाल्याने आत बोलावलं, शेगडीजवळचं बाकडं मोकळं करून दिलं आणि पाऊस थांबेपर्यंत बसा म्हणाला. मी उभ्याउभ्या चहा घेऊन निघालो. संग्रामपूरच्या पुढे एका ट्रॅक्टरवाल्याने ट्रॉली थांबवली आणि सायकल वर टाका म्हणाला. मी त्याला समजावलं, की मी हे आनंदासाठी करतो आहे. दात वाजत असल्यामुळे "आनंद" हा शब्द नीट उच्चारता आला नाही. त्याने माझ्या वाजणाऱ्या दातांकडे पाहिलं आणि ट्रॅक्टर पुढे काढला. सोनाळा ओलांडला तेव्हा दुपार कलली होती. पुढे डांबरी रस्ता सोडून मी शेतांमधल्या एका पांदणीत शिरलो, कारण नकाशात तिथे तंबूला योग्य अशी मोकळी जागा दिसत होती. नकाशात चिखल दाखवत नाहीत. आपल्याकडची काळी माती ओली झाली की काय करते हे मला जन्मापासून माहीत आहे, तरीही मी शिरलो. थोड्याच अंतरावर दोन्ही चाकं मातीने अशी भरली की फिरेनात. मग जी सायकल मला नेणार होती तिला मी खांद्यावर घेऊन चाललो.

एका बांधाच्या आडोशाला तंबू उभा केला. उभा केला म्हणजे तो क्षणभर उभा राहिला. खुंट्या चिखलात लोण्यात जाव्यात तशा जात होत्या आणि तशाच बाहेर येत होत्या. शेवटची ठोकायला वाकलो तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला आणि माझा तंबू उठला, एक गिरकी घेतली आणि वांग्यांच्या शेतावरून तरंगत झाडांपलीकडे दिसेनासा झाला. मी मागे धावलो. दोन पावलांत एक बूट चिखलात राहिला. तो काढायला वाकलो आणि तिथेच बसकण मारली.

इथपर्यंत ते हसण्यासारखं होतं, पुढचं नव्हतं. बॅगेत कोरडे कपडे होते, पण बोटं अशी बधिर झाली होती की चेन धरता येईना. फोन कधीच बंद पडला होता. अंग थरथरत होतं आणि मग, हे मला नीट आठवतं, थरथर कमी झाली आणि छान झोप येऊ लागली. बांधाला पाठ टेकून जरा डोळे मिटावेत असं वाटलं. आजारपणात अशीच एक गोड गुंगी यायची आणि बायको गालावर चापट्या मारून मला जागं करायची. ते आठवलं आणि मी घाबरलो. इथे चापट मारायला कोणी नव्हतं, आणि ती व्यवस्था मी स्वतःच भाषण देऊन करून ठेवली होती. तेव्हा वर्षभरात पहिल्यांदा देवाशी बोललो. त्याला प्रार्थना म्हणवत नाही. चिडूनच म्हणालो, "माझं सगळं करून झालं. आता तू पाहा."

थोड्या वेळाने झाडांकडून एक उंच म्हातारा येताना दिसला. डोक्यावर पोत्याची खोळ, धोतर गुडघ्याच्या वर खोचलेलं आणि बगलेत माझा तंबू. तो जवळ आला, माझ्याकडे वरून खाली पाहिलं आणि विचारलं, "हा तुमचाच व्हय का?" मी मान हलवली. तो म्हणाला, की हा आमच्या कडब्याच्या गंजीवर येऊन बसला होता. मग त्याने विचारलं, "तुमचे दोन्ही हात धड हायेत ना?"

माझ्या मेंदूची काय अवस्था असेल याची कल्पना यावी म्हणून सांगतो. अंगात धड उभं राहायचं त्राण नसताना मी त्या भल्या माणसाला म्हणालो, की धन्यवाद बाबा, मला काही नको, मी कोणाची मदत घेत नाही.

म्हाताऱ्याने तंबू दुसऱ्या बगलेत घेतला. मग म्हणाला, "मदत कोन देऊन राह्यलं तुमाले? मदत मले पाह्यजे. चाला लौकर."

माझ्या सगळ्या भाषणात ही बाजू आलीच नव्हती. त्याने सायकल ओढली, मी त्याच्या मागे चालू लागलो आणि चालता चालता त्याने सांगितलं ते असं. त्या दिवशी चंपाषष्ठी होती. त्यांच्या घरी खंडोबाची तळी भरतात. ताम्हनात पानसुपारी, खोबरं आणि भंडारा ठेवायचा, पाच पुरुषांनी भोवती बसून ते ताम्हन धरायचं आणि देवाच्या नावाने उचलायचं. तळी उचलल्याशिवाय घरात कोणी जेवायचं नाही. म्हातारा, त्याचे दोन मुलगे आणि त्यांच्याकडे वर्षावर कामाला असलेला सालदार, असे चारजण शेतातल्या घरी होते. पाचवा, त्याचा भाचा, गावातून यायचा होता. पण नाल्याला पूर आला आणि तो पलीकडेच अडकला. सकाळपासून सगळं घर उपाशी होतं.

त्याने सांगितलं नाही ते घरी गेल्यावर त्याच्या म्हातारीने सांगितलं. चुलीजवळ बसूनच तिने नवऱ्याच्या तक्रारीला सुरुवात केली. यांना साखरेची बीमारी आहे, वेळेवर खाल्लं नाही की डोळ्यांपुढे अंधारी येते, दुपारी दोनदा खांबाला धरून बसले, तरी ऐकत नाहीत. मी म्हटलं मी धरते पाचवी, तर नाही म्हणतात, बापाच्या काळापासून पाच पुरुषच लागतात. सून म्हणाली वारलेल्या मोठ्या बाबांचा फोटो धरा, तर तेही नाही. शेवटी देव्हाऱ्यापुढे उभे राहून देवालाच म्हणाले, की माणूस धाड, कसाबी चालन.

एवढं बोलून तिने प्रथमच माझ्याकडे नीट पाहिलं. डोक्यावर वाटीसारखं हेल्मेट, अंगभर चिखल, एका पायात बूट आणि ती गादीची चड्डी. म्हातारीने पदर तोंडाला लावला, पण खांदे हलायचे थांबले नाहीत. नवऱ्याला म्हणाली, "तुमीच म्हटलं होतं कसाबी चालन. आता हाय तो गोड माना."

मला गरम पाणी दिलं. बॅगेतल्या कपड्यांतही एव्हाना पाणी शिरलं होतं, म्हणून म्हाताऱ्याचं धोतर आणि थोरल्या मुलाचा स्वेटर मिळाला. धोतर मला नेसता येत नाही, ते सालदाराने नेसवलं. वर्षभरापूर्वी कोणी असं कपडे घालताना मला लाज वाटायची. त्या दिवशी मी निमूट हात वर करून उभा होतो. तेवढ्यात मनात आलं म्हणून म्हाताऱ्याला सांगितलं, की आमचं कुळदैवत देवी आहे, खंडोबा नाही, चालेल का? तो म्हणाला, की देवादेवांचं आपसात पटते, आपण कशाला मधी पडा. माझं आडनाव त्याने विचारलं नाही.

आम्ही पाचजण घोंगडीवर बसलो. ताम्हन धरलं आणि माझ्या हातांना पुन्हा कापरं भरलं. शेकामुळे अंगात जीव येत होता, तसतशी थरथरही परत येत होती. ताम्हन खणखणू लागलं, खोबऱ्याचे तुकडे उडू लागले, एक सुपारी टुणकन बाहेर पडून चुलीकडे घरंगळत गेली. मी शरमून म्हाताऱ्याकडे पाहिलं, तर त्याचे हात माझ्याहून जास्त कापत होते. ओठ पांढरे पडले होते, कपाळावर एवढ्या थंडीत घाम होता. त्याला काही बोलवत नव्हतं, पण त्याने ताम्हन सोडलं नव्हतं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी आणखी थोडा वेळ बांधावर मदत नाकारत बसलो असतो तर या घरात काय झालं असतं. मी ताम्हन घट्ट धरलं आणि जोराने उचललं. येळकोट येळकोट म्हणताना सगळ्यांत मोठा आवाज माझा होता. वर्षभर गप्प बसलेला माणूस ओरडला की असंच होत असावं.

ताम्हन खाली टेकताच म्हातारीने नवऱ्याच्या तोंडात गुळाचा खडा कोंबला आणि तो तिथेच भिंतीला टेकून हळूहळू चघळत राहिला. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर रंग आला. मग गोवरीच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे रोडगे आणि वांग्याचं भरीत आलं. आषाढीपासून चंपाषष्ठीपर्यंत ते घर वांगं खात नाही. वांग्याच्या शेतात राहून जवळजवळ पाच महिने वांगं न खाल्लेली माणसं त्या दिवशी कशी जेवली असतील ते सांगायला नको. मी तर वांगं रोज खाणारा, पण त्यांना हरलो नाही. जेवताना म्हातारा सुनेला सांगत होता, की देवाने माणूस धाडला, आपली लाज राखली. मी घास हातात धरून ऐकत राहिलो. हेच वाक्य मी घरी जाऊन त्याच्याबद्दल सांगणार होतो, आणि ते त्याने माझ्याबद्दल आधीच सांगून टाकलं होतं.

याला चमत्कार म्हणावं की नाही हे मला ठरवता येत नाही. वारा सुटला, तंबू उडाला, गंजी आडवी आली. पण एक मात्र मला त्या घरात कळलं. आजारपणात देवाने उत्तर दिलं नाही असं मी समजत होतो, तेव्हा भरवणारे, उचलणारे, रोज येऊन प्लेटलेट विचारणारे हात माझ्या भोवतीच होते. माणसाची मदत आणि देवाची मदत अशी मी वेगवेगळी खाती उघडून बसलो होतो. शरण जाणं म्हणजे हात टेकणं असंही मला वाटायचं. त्या दिवशी हात टेकले तेव्हा ते ताम्हनाला लागले आणि लगेच उचलायलाही लागले.

सकाळी नाला उतरला. भाचा आला, त्याने माझ्या अंगावरचं धोतर पाहिलं आणि आपली जागा गेली हे त्याला न सांगताच समजलं. म्हातारी त्याला म्हणाली, की तू आला असता तर हा बिचारा बांधावरच राह्यला असता, बरं झालं तू आला नाही. धाकट्या मुलाने बैलगाडी जुंपली, सायकल मागे बांधली आणि मला चढायला हात दिला. मी तो धरला. म्हातारा दारात उभा होता. त्याने माझे आभार मानले नाहीत, मीही त्याचे मानले नाहीत. दोघांनी आत देव्हाऱ्याकडे पाहून हात जोडले.

गाडी पांदणीतून निघाली तशी पुन्हा भुरभुर सुरू झाली. गाडी हाकता हाकता धाकट्याने मागे पाहिलं, आपल्या खांद्यावरची घोंगडी काढली आणि माझ्या डोक्यावर टाकायला हात लांब केला. मी मान जरा खाली वाकवली, म्हणजे त्याचा हात पोचावा.