आईचा थांबलेला हात

माझी ताई नवी मुंबईतल्या एका कंपनीत मशीनच्या माहितीपुस्तिका लिहायची. मिक्सर असो की बीपीचं मशीन, मजकूर झाला की ती दिघीला घरी यायची, मशीन आईपुढे ठेवायची आणि एकेक वाक्य वाचून तिच्याकडून करवून घ्यायची. आईचा हात थांबला की ताई ते वाक्य खोडायची. "चूक वाक्याची आहे, तुझी नाही," असं दर वेळी सांगायची.

पुढे कंपनीने ते काम सॉफ्टवेअरला दिलं आणि ताईला घरी बसवलं. मग तिची फुप्फुसं निकामी होत गेली. घरात ऑक्सिजनचं मशीन आलं.

त्या दिवशी मी म्हसळ्याला औषधं आणायला गेले होते. वीज जाऊन आली, पण मशीन सुरू होईना. आईने पुस्तिका उघडली. 'प्रवाह अनुमत करण्याकरिता नियंत्रण गुंतवा,' असं छापलं होतं. डोंबलाचं मराठी! ताईच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. मी पोचले तेव्हा सगळं संपलं होतं.

"माझाच हात थांबला गं," आई अजून म्हणते.

मी तिला रोज ताईचं ते वाक्य ऐकवते. ती ऐकून घेते आणि पुन्हा आपल्या हाताकडे बघत बसते.