चारचौघांतलं वजन

खेळाच्या सामानाच्या दुकानात केटलबेल ओळीने मांडल्या होत्या. लोखंडी गोळे, वर धरायला कडी. बॅडमिंटनची फुलं घ्यायला आलेल्या एका काकांनी सगळ्यात मोठी उचलली, इकडेतिकडे पाहिलं आणि लालबुंद चेहऱ्याने खाली ठेवली.

आमच्या गावी मारुतीच्या देवळापुढे असाच एक दगडी गोटा असायचा. एकट्याने त्याला कुणी हात लावत नसे. चार जण जमले, की ज्याच्या त्याच्या अंगात मारुती संचारायचा.

मीही सोळा किलोच्या केटलबेलला हात घातला.

"अहो, उचलायची घरी आहे. तिथे माझ्याशिवाय कोण बघणार?" बायको म्हणाली.

सोळाची ठेवून आठची घेतली. बाहेर पडताना मात्र अशी झुलवत नेली, की काका आपली फुलं विसरून बघतच राहिले.