प्रोबवरचं एवढंसं बटण

नगरच्या सावेडीत यशया उजागरे कुठे राहतात असं विचारलंत तर कोणी सांगायचं नाही. ‘टीव्हीवाले यशयाभाऊ’ म्हणा, रिक्षावाला थेट दारात आणून सोडेल. आता टीव्ही दुरुस्तीला टाकतं कोण म्हणा, बिघडला की लोक नवा आणून भिंतीला लावतात. पण नाव एकदा चिकटलं ते चिकटलं. बाहेरच्या खोलीत अजून त्यांचं टेबल आहे, आणि टेबलाच्या मधोमध त्यांचा सीआरओ.

ज्यांनी कधी सीआरओ पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. लोखंडी ट्रंकेएवढं अवजड धूड, तोंडाला चौकोन आखलेली काच आणि बाजूला बटणांची ही भाऊगर्दी. वायरीतली वीज कशी उसळते, कशी पडते, ते काचेवर हिरव्या रेघेनं दिसतं. एमआयडीसीतल्या एका बंद पडलेल्या कारखान्याच्या भंगारातून यशयाभाऊंनी तो तरुणपणी उचलला, आणि तेव्हापासून दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. दयाबाई, म्हणजे त्यांची बायको, शाळेतून रिटायर झाल्या तरी त्यांना त्याच्यावरची धूळ पुसायची परवानगी मिळालेली नाही. “लग्नाआधी हा आला असता तर मला नकारच आला असता,” असं त्या पाहुण्यांना सांगतात.

या सीआरओवर एक मोठं गोल बटण आहे. काचेवरच्या एका चौकोनाला किती व्होल्ट धरायचे ते त्यानं ठरतं. एकीकडे फिरवलं की बारीकशी रेघ काचेच्या टोकाला भिडते, दुसरीकडे फिरवलं की भली मोठी लाट जमिनीला टेकते. वीज तेवढीच असते, फक्त दिसते वेगळी. “रेघ बघून हुरळून जायचं नाही, आधी बटण कुठं आहे ते बघायचं,” असं यशयाभाऊ येईल त्याला ऐकवायचे, कोणी विचारलेलं नसलं तरी. दुसरी गोष्ट म्हणजे प्रोब, पेनासारखी दांडी आणि टोकाला आकडा. त्या दांडीवर तांदळाच्या दाण्याएवढं सरकतं बटण असतं. ते एकावर असलं की वीज आहे तशी आत जाते. दहावर सरकवलं की दहावा हिस्साच आत जातो, आणि मग मोजणाऱ्यानं मनातल्या मनात दहानं गुणायचं.

सगळा घोळ झाला तो या एवढ्याशा बटणापायी.

देवळाली प्रवरेजवळच्या वस्तीवरून गहिनीनाथ नावाचा शेतकरी त्यांच्याकडे झटका मशीन घेऊन आला होता. बिबट्यासाठी कुंपणाच्या तारेत टकटक करत क्षणभराचा, जीव न घेता हादरवणारा झटका सोडतं ते मशीन. चहूबाजूंनी ऊस, घरी म्हातारी आई, दारात शेळ्या, आणि बिबट्या तर रोजचाच. यशयाभाऊंनी आतला जळका पार्ट बदलला. झटका हजारो व्होल्टचा, सरळ प्रोबला दाखवला तर सीआरओचंच बारावं व्हायचं, म्हणून तो हजारपट उतरवून देणारी रेझिस्टन्सची साखळी त्यांनी घरीच बनवलेली होती. ती लावली, प्रोब अडकवला, रेघ पार चार चौकोन चढली. मनात दहानं गुणलं. “आठ हजार. वाघ आला तरी उलटा पळेल,” ते म्हणाले आणि मशीन देऊन टाकलं.

त्यानंतर तीन आठवडे सीआरओला हात लागला नाही, कामं येतात तरी कुठं. मग एका शनिवारी चर्चचा अँप्लिफायर आला. काम सुरू करण्याआधी प्रोब सीआरओवरच्याच एका कडीला लावून बघायचा, तिथं ठरलेल्या उंचीची चौकोनी लाट यायला हवी, हा त्यांचा जुना शिरस्ता. लाट आली ती काचेबाहेर गेली. त्यांनी चष्मा वर करून प्रोब डोळ्यांजवळ नेला. बटण एकावर होतं. मागे एका कानाच्या मशीनचा बारीक आवाज शोधताना त्यांनीच ते एकावर सरकवलं होतं आणि विसरून गेले होते. आणि गहिनीनाथ आला त्या दिवशी, त्याच्याकडून बिबट्याच्या गोष्टी ऐकायच्या नादात, कडीला लावून बघायचं राहून गेलं होतं.

म्हणजे दहानं गुणायचंच नव्हतं. त्या तारेत आठ हजार नव्हते, आठशे होते. टकटक वाजतंय, लाल दिवा लुकलुकतोय, आणि तारेत बिबट्याला खाजवण्याइतकीसुद्धा वीज नाही. यशयाभाऊंनी प्रोब तसाच टेबलावर टाकला. त्यांनी लगेच फोन लावला.

“बोला भाऊ,” गहिनीनाथ खूश होता. “लई झकास चाललंय मशीन. दोन वर्सांनी सुखानं झोपतोय बगा. आई बी आता बाज भाईर टाकून झोपती, शेळ्यांपाशी. कशी काय आठवन केली?”

तोंडाशी आलेलं तोंडातच राहिलं. चाळीस वर्षांत आपलं माप चुकलं असं कोणाला सांगायची वेळच आली नव्हती हो. “सहज केला,” यशयाभाऊ म्हणाले. “झोप निवांत. सोमवारी त्या बाजूला येणार आहे, तेव्हा एकदा बघून जातो.”

दयाबाई दारातच होत्या. “सांगितलंत का?”

“रेंज नव्हती.”

“मग हसत कोणाशी होतात?”

रविवारी चर्चमध्ये ते बसले होते खरे, पण प्रवचनातला एक शब्द कानात शिरला असेल तर शपथ. डोळ्यांसमोर सारखी ती बाहेर टाकलेली बाज. सोमवारी उजाडताच त्यांनी सीआरओ गोधडीत गुंडाळला, स्कूटरवर पायांपाशी बांधला आणि मनमाड रोडचे खड्डे चुकवत निघाले. मनातला बेत पक्का होता. सर्व्हिसिंगच्या नावाखाली मशीन उघडायचं, खराब पार्ट गुपचूप काढायचा, चांगला टाकायचा. कोणाला कळायचं कारण नाही.

वस्तीवर पोचले तेव्हा शेळ्या शाबूत होत्या. ओट्यापाशी झुंबरबाई, गहिनीनाथची आई, शेंगा निवडत बसली होती. तिला बघून यशयाभाऊंना इतकं हायसं वाटलं की स्कूटरची किल्ली काढायचीही आठवण राहिली नाही. सीआरओ आत नेला. या वेळी प्रोबचं बटण दहावर, या वेळी आधी कडीला लावून. मग साखळी जोडली. रेघ अर्धा चौकोन चढली आणि पडली. मशीन उघडून पाहिलं तर दोष आतल्या कॉइलमध्ये निघाला. ती नगरला नेऊन नव्यानं गुंडाळल्याशिवाय काही खरं नव्हतं. गुपचूप बदलायचा बेत तिथंच बोंबलला.

गहिनीनाथ खांद्यावरून वाकून बघत होता. “रेघ एवडीच?”

यशयाभाऊंचा हात मोठ्या बटणावर गेला. बटण तीन घरं फिरवलं, कट कट कट, आणि तीच मरतुकडी रेघ चार चौकोन ताडमाड उभी राहिली.

“आता कसं,” गहिनीनाथ खुलला. “बसा, शेतीची लाइट आलीय, मोटार चालू करून आलोच.”

तो विहिरीकडे वळल्यावर झुंबरबाई सूप बाजूला ठेवून दाराशी आली. “भाऊ, तुमच्या डब्यातलं मला काय कळत न्हाई. पन तार मेल्याली हाय.”

यशयाभाऊंचा हात मोठ्या बटणावरून खाली आला.

“शेळीनं तोंड घासलं तारेला, दचकली बी न्हाई. मग म्या हात लावला. मुंगी डसल्यावानी झालं, बास.”

“मग गहिनीनाथला सांगितलं नाही, मावशी?”

“दोन वर्सं पोरगं रातभर बॅटरी घेऊन फिरायचं. दिसा ट्रॅक्टरवर डुलक्या खायचं, एकदा पाटात घातला हुता. आता पाठ टेकली की घोरतंय. म्हनलं झोपू दे. बाज भाईर काढली. काठी हाय, वाजवायला पत्र्याचा डबा हाय. म्हातारीला झोप तशी बी कुटं येती?” ती जरा थांबली. “तुमी काय त्येला सांगू नका. गपचीप नीट करून द्या.”

नेमकं हेच करायला यशयाभाऊ नगरहून आले होते. कुणी तरी तसं करा म्हणावं म्हणून दोन दिवस जीव तळमळत होता, आणि आता ही बाई हात जोडल्यासारखी तेच सांगत होती. त्यांना स्वतःची लाज वाटली. ती गप्प राहिली ती लेकाच्या झोपेसाठी, रोज रात्री स्वतःचा जीव मधे घालून. आपण गप्प राहिलो ते नावासाठी. त्यांनी बटण तीन घरं मागे फिरवलं.

गहिनीनाथ हात पुसत आला, तेव्हा रेघ पुन्हा अर्ध्या चौकोनावर होती.

“हे खरं आहे,” यशयाभाऊ म्हणाले. “मघाशी दाखवलं ती लबाडी होती. माझं माप चुकलं होतं. पहिल्या दिवसापासून तारेत दम नाही.”

गहिनीनाथनं आधी काचेकडे बघितलं, मग आईकडे. “तुला म्हाईत हुतं?”

“आत उकडतं म्हनून झोपत हुते मी,” झुंबरबाई म्हणाली, पण तिला लेकाच्या डोळ्यात बघता येईना.

तो यशयाभाऊंकडे वळला. आवाज चढला नव्हता. “आन तुमाला? शनवारी फोन केल्ता तवा म्हाईत हुतं?”

नाही म्हणायला काही हरकत नव्हती. कोणाला काय कळणार होतं?

“हो,” यशयाभाऊ म्हणाले.

“आन झोप निवांत म्हनलात.”

गहिनीनाथ बाहेर गेला, आईची बाज उचलून आत आणली आणि भिंतीला लावली. मग कोनाड्यातली बॅटरी काढून चालू-बंद करून बघितली. आज रात्री पुन्हा फिरायचं होतं.

“मशीन न्या,” तो म्हणाला. “नीट करून आना. पन ह्या टायमाला त्यो डबा नगं. माझ्यासमोर तुमच्या हातानं तार धरायची.”

“धरीन.”

दुसऱ्या दिवशी ऊन उतरता उतरता यशयाभाऊ परत आले, सीआरओ घरी ठेवून. कॉइल रातोरात गुंडाळून घेतली होती. मशीन जोडलं, टकटक सुरू झाली. झुंबरबाई पुढं होऊन म्हणाली, “ऱ्हाऊ दे रे, वयस्कर मानूस हाय.” गहिनीनाथची नजर तारेवर होती. यशयाभाऊंनी त्याच्या बोलण्याची वाट बघितली नाही. चष्मा काढून खिशात ठेवला, उजव्या हाताची बाही वर केली आणि तार धरली.