सासूबाईंचा हात आणि टेलरकाकांचा दात

आमच्या दवाखान्यात आम्ही तीन डॉक्टर: माझ्या सासूबाई, माझा नवरा आणि मी. तिघेही दातांचे. पाटीवर सासूबाईंचं नाव सगळ्यात वर, कारण दवाखाना त्यांनी उभा केला. सासरे शाळेत भूगोल शिकवायचे आणि बायकोच्या खुर्चीत बसायची वेळ आली की त्यांना नेमक्या वह्या तपासायच्या असायच्या. पेशंट सासूबाईंना डॉक्टरबाई म्हणतात. आम्ही दोघं अजूनही ‘मुलगा’ आणि ‘सूनबाई’.

त्यांचा उजवा हात थरथरतोय हे पहिल्यांदा मला कळलं, कारण शेजारची खुर्ची माझी. तोंडात घालायचा छोटा आरसा ट्रेमध्ये ठेवताना कडेवर किणकिणला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी उगाच नळ सोडला. पुढे त्या मेंदूच्या डॉक्टरांना दाखवून आल्या आणि जेवताना सांगून मोकळ्या झाल्या, “जिवाला काही धोका नाही. पण हात आता असाच राहणार. कुणाच्या तोंडात मी यापुढे ड्रिल घालणार नाही. विषय संपला.”

नवऱ्याच्या लेखी विषय तिथे सुरू झाला. “आई, खूप केलंस. आता घरी आराम कर,” म्हणाला, आणि रिसेप्शनवर बजावून ठेवलं की कुणी विचारलं तर डॉक्टरबाई रजेवर आहेत म्हणायचं. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. आईच्या दुखण्याची चारचौघांत चर्चा व्हायला नको, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सासूबाई कोट घालून हजर.

“आई, तू रजेवर आहेस ना?”

“कुणी मंजूर केली?”

त्याच सुमारास आमच्याकडे नवा स्कॅनर आला होता. पूर्वी दाताचं माप घ्यायचं म्हणजे तोंडात गुलाबी लगदा दाबायचा आणि पेशंटला ओकारी यायच्या आत तो सेट व्हावा म्हणून जीव मुठीत धरून बसायचं. आता जाडसर टूथब्रशासारखा एक कॅमेरा दातांवरून फिरवला की समोर पडद्यावर जबडा उमटत जातो. मग कॉम्प्युटरवर नवा दात घडवायचा, आणि कोपऱ्यातलं मशीन तो सिरॅमिकच्या ठोकळ्यातून कोरून देतं. नवऱ्याने हे सगळं स्वतःसाठी घेतलं होतं. सासूबाईंनी सरावाला एक प्लॅस्टरचा जबडा पुढ्यात ओढला आणि कॅमेरा हातात घेतला.

पहिल्या दिवशी पडद्यावर दोन डोकी असलेली दाढ आली. नवरा म्हणाला, “आई, याला स्थिर हात लागतो गं.” तो हळू आवाजात बोलला म्हणून त्या जास्तच भडकल्या. “तुला चालायला शिकवलं तेव्हा तू काय स्थिर होतास?”

प्लॅस्टरवरून त्या माझ्यावर आल्या. दुपारी पेशंट नसले की मी खुर्चीत आडवी आणि त्या डोक्याशी. इतक्या वेळा स्कॅन झालं की माझे दात त्यांना अक्षरशः तोंडपाठ झाले. हळूहळू त्यांना एक गोष्ट उमगली. “याला थरथर चालते,” त्या म्हणाल्या, “उडी चालत नाही.” हात हवेत राहिला की उडायचा. करंगळी पुढच्या दातावर रोवली की कॅमेरा कापत का होईना, पण वाट सोडत नसे.

नवरा एकदा वैतागून म्हणाला, “आई, आता तरी हात टेक!”

“टेकलाय की. हिच्या दातावर. म्हणून तर चित्र सरळ येतंय.”

मला हसता येईना. तोंडात कॅमेरा होता.

मग आले टेलरकाका. जन्मभर दोरा दाताने तोडायची सवय, त्यात वरच्या पुढच्या दाताची जुनी कॅप फुटली होती. मी आत होते, पण बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, “डॉक्टरबाई रजेवर आहेत.” काका म्हणाले, “रजेवर? की काही लपवताय? बाई बऱ्या आहेत ना?”

सासूबाई माझ्या शेजारून तरातरा बाहेर गेल्या. बाहेर बाकं भरलेली. त्यांनी उजवा हात सगळ्यांसमोर वर धरला.

“मी रजेवर नाही. माझा हात थरथरतो. हा बघा. नीट बघून घ्या, म्हणजे कुजबुजायला नको.”

नवरा दारात लालबुंद. टेलरकाकांनी चष्मा वर सरकवून हात निरखला, जसं एखादं कापड बघावं.

“मग सुईत दोरा कोण ओवणार?”

“सूनबाई ओवेल. कापड मी बेतणार.”

“मग चला,” काका उठलेच.

आतल्या खोलीत नवऱ्याने त्यांना गाठलं. “आई, लोक काय म्हणतील?”

“दिसतंय तेच म्हणतील. लपवलंस तर मनाचं घालून म्हणतील. आणि मला लाज वाटायला मी काही चोरी केलेली नाही.”

फुटकी कॅप काढून खालचा दात मी घासून घेतला. मग त्या बसल्या. करंगळी टेकवली. राहिलेल्या जागा पडद्यावर करड्या दिसत, तिथे परत जाऊन त्यांनी त्या भरून काढल्या. कॉम्प्युटरने नवा दात सुचवला, शेजारच्या दातासारखा सरळसोट. माऊसचा वेग सगळ्यात कमी करून, दोन्ही हातांनी इस्त्री फिरवावी तसा तो फिरवत सासूबाईंनी दात किंचित आत कलवला.

“सरळ मिळतोय तर वाकडा कशाला?” नवरा मागून.

“यांचा तसाच होता. सरळ बसवला तर घरी बायको विचारेल, हे कोण आलं?”

मशीनने पाणी उडवत दात कोरला. बसवून बघितला. टेलरकाका ‘सुई’ म्हणायला गेले आणि ‘शुई’ म्हणाले. नवऱ्याची भुवई बोलली.

“मागून जाड झालाय. माझी चूक,” सासूबाई म्हणाल्या आणि परत पडद्याकडे वळल्या. दुसरा दात कोरून होईपर्यंत काका चहा घेऊन आले. या खेपेला ते “सुई, सदरा, सरळ शिलाई” असं खणखणीत म्हणाले. दात मी चिकटवला.

सगळेच काही टेलरकाका नव्हते. एक बाई मुलीला घेऊन आलेल्या, हात पाहून उठून गेल्या. त्या दिवशी सासूबाई बराच वेळ खिडकीपाशी उभ्या होत्या. मी जवळ गेले तर म्हणाल्या, “वाईट वाटतंय. वाटू दे. पुढचा पेशंट बोलाव.”

रिसेप्शनवर आता खरं तेच सांगतात: डॉक्टरबाई स्कॅन करतात, हात थरथरतो, नको असेल तर सूनबाई करतील. बहुतेक जण डॉक्टरबाईच म्हणतात. हा बदल करायला मीच सांगितलं होतं, नवऱ्याला न विचारता. दोन दिवस तो माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलला.

पुढे त्याचीच दाढ तुटली. मी ती घासून तयार केली आणि म्हटलं, “स्कॅन तू सांगशील त्याच्याकडून.” तो छताकडे बघत म्हणाला, “आईला बोलाव.”

त्या आल्या, करंगळी त्याच्या दातावर टेकवली. तो काहीतरी सांगायला लागला.

“बोलू नकोस,” सासूबाई म्हणाल्या. “आ कर. अजून मोठा.”