खोल केलेली वाटी

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. आईपाशी नाही, बहिणीपाशी नाही. तुम्हाला सांगते.

मी सुताराची मुलगी. करवत, पटाशी, कानस — हातात आली की मला भीती अशी वाटतच नाही. लग्न होऊन नवलाख उंबरे गावात आले तेव्हा माहेरची हत्यारं सोबत आणली होती. पुढे कारखान्यात ह्यांच्या उजव्या मनगटाचं हाड मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा डॉक्टर म्हणाले, हाताला रोज व्यायाम द्या. मग मीच शिवणीच्या लाकडाचं एक खेळणं केलं. मुठीत धरायचा दांडा, त्याच्या टोकाला कोरलेली वाटी आणि दोरीनं बांधलेला लाकडी गोळा. मनगटाच्या झटक्यानं गोळा उडवायचा नि वाटीत झेलायचा. वाटी मी उथळच ठेवली — हात पक्का झाल्याशिवाय गोळा ठरायला नको, म्हणून. काम सुरेख उतरलं होतं, हे आजही छातीठोक सांगते.

"ह्यो गोळा सारखा बसाया लागला, की कामावं जायचं," हे म्हणाले.

पण तो बसेना. आणि दिवसभर घरात असलेला माणूस — कसं सांगू? भाजीत मीठ कमी, फोनवर कुणाशी बोलतेस, दार उघडं का? मला माझं घर परत हवं होतं. एवढंच? हो, एवढंच.

एका दुपारी हे केस कापायला गेले. मी पटाशी घेतली नि वाटी खोल केली. काचपेपर मारला, तेल चोळलं. नवं लाकूड कुठं दिसलंसुद्धा नाही.

संध्याकाळी गोळा बसला. पुन्हा बसला. "बग, बग! आला माझा हात!" हे गल्लीभर दाखवत हिंडले. आधी डॉक्टरांना दाखवून या — एवढं म्हणायला काय लागलं असतं? मी डबा भरून दिला.

आठवडाही झाला नसेल. ह्यांच्या हातून लोखंडी साचा निसटला आणि शेजारी काम करणाऱ्या संजयच्या पायावर पडला. त्याची बोटं गेली.

संजय आजही लंगडतो. दिवाळीला आमच्याकडे येतो. हे उठून त्याला खुर्ची देतात. यंदा म्हणाले, "माझ्या ह्या हातानं तुला आधू केलं रं."

"आसं नका म्हनू, भाऊ. तुमी काय मुद्दाम केलं व्हय?"

मी चहाचे कप घेऊन तिथंच उभी होते. मुद्दाम केलं होतं ते मी. कप ठेवले आणि आत गेले.