लोटन सरांची बाजू

विमलवहिनींचा, म्हणजे लोटन सरांच्या पत्नीचा, फोन सकाळी आला तेव्हा मी दाढी करत होतो. "भाऊ, लवकर या. नाना उठी नही ऱ्हायनात," एवढंच त्या म्हणाल्या. अर्ध्या दाढीनिशी मी रिक्षा केली. सर पुढच्या खोलीतल्या पलंगावर कुशीवर निजलेले होते. डॉक्टर येऊन गेले होते, झोपेतच हृदय थांबलं म्हणाले. माणूस गेला की 'अजून विश्वास बसत नाही' असं लिहायची पद्धत आहे. माझा लगेच बसला. सर कुणी हाक मारून उठवावं लागेल अशांपैकी नव्हतेच. आज काही आठवडे झाले, आणि मला त्यांच्याबद्दल लिहायला सांगितलंय. लिहितो, पण त्यांच्याच पद्धतीनं लिहिणार.

लोटन सर म्हणजे आमच्या नंदुरबारातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. घरात आणि गल्लीत ते नाना, बाकी गावाला सर. मी जिल्हा परिषदेतला कारकून, मूळचा धानोऱ्याचा. नाटकाशी माझा संबंध गॅदरिंगमध्ये पडदा ओढण्यापुरता. पण दर रविवारी संध्याकाळी सरांच्या पुढच्या खोलीत आम्ही पाच-सात जण जमायचो. टीव्हीवर एखादं जुनं नाटक नाहीतर कृष्णधवल सिनेमा लावायचा, आणि संपला की त्यातल्या माणसांवर बोलायचं. चांगल्या माणसांवर नाही. 'चांगल्याला आपली गरज नसते,' असं सर म्हणायचे. फसलेला, घसरलेला, दुसऱ्याचं वाटोळं करून बसलेला जो कोणी असेल तो आमचा. मिरचीच्या हंगामात गावाबाहेर मिरची वाळवायच्या पथाऱ्यांवरून वारा आला की खोलीत सगळ्यांना ठसका लागायचा, डोळे वाहायचे, आणि सर खिडकी लावता लावता म्हणायचे, "मिरचीनं रडताय की नाटकानं, ते आधी ठरवा!"

तिथे एक नियम होता. 'आधी बाजू, मग दोष.' ज्या पात्राचा तुम्हाला सर्वांत जास्त राग आला असेल, त्याचं वकीलपत्र तुम्ही घ्यायचं. त्याची बाजू पूर्ण मांडून झाल्याशिवाय त्याच्याविरुद्ध एक शब्द काढायचा नाही. मी स्वभावानं तिरसट, त्यामुळे जगातले झाडून सगळे खलनायक माझ्या वाट्याला. एका जुन्या सिनेमात पोरक्या भाच्याचं घर गिळणारा एक मामा होता. मी म्हणालो, सर, हा हरामखोर आहे, ह्याला बाजूबिजू काही नाही. सर हसले. "पहिला प्रसंग पुन्हा लावा. सगळी पंगत उठते आणि मग हा जेवायला बसतो. बहिणीच्या घरी तो कायम शेवटी जेवलाय. आता बोला." मी बोललो. बोलता बोलता मला तो मामा जरा समजला, आणि समजला म्हणून त्याचा राग कमी झाला असं मात्र नाही. तेच सरांना हवं असायचं. चिंचपाड्याहून गाडीनं येणाऱ्या, निवृत्त परिचारिका असलेल्या सिस्टर म्हणायच्या, "सर, आम्ही पेशंटला आधी विचारतो काय होतंय, मग सुई टोचतो. तसंच आहे हे."

पण हा नियम पहिल्यापासून नव्हता, आणि तो कसा आला हे लिहिल्याशिवाय सरांवर लिहिणं म्हणजे नुसती आरती ओवाळणं होईल. सुरुवातीच्या काळात सर पात्रांची सरळ चिरफाड करायचे, आणि ती ऐकायला आम्हाला फार मजा यायची. त्यांचा एकुलता एक मुलगा हेमंत तेव्हा इंजिनिअरिंग मध्येच सोडून घरी आलेला होता. स्पर्धा परीक्षांचे अर्ज भरत होता. तोही आमच्यात सतरंजीवर बसायचा, हुशार बोलायचा. एका रविवारी आम्ही जो सिनेमा पाहिला त्यातला नायक प्रत्येक गोष्ट सुरू करतो आणि एकही पुरी करत नाही. सर त्याच्यावर बोलायला लागले, आणि रंगात आले. अशा माणसाला सुरुवातीची हौस असते, म्हणाले. शेवटाची वेळ आली की त्याला काहीतरी होतं. तो अर्ज भरतो आणि परीक्षेच्या दिवशी त्याच्या पोटात दुखतं... सिनेमात परीक्षा नव्हती. पोट कुणाचं दुखलं होतं ते खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. सिस्टर खाली बघायला लागल्या. सरांना मात्र कळलं नाही. ते त्यांच्या मांडणीच्या इतके प्रेमात होते की पात्र कुठे संपलं आणि पोरगा कुठे सुरू झाला याचं त्यांना भान नव्हतं. हेमंत शांतपणे म्हणाला, "नाना, मन्ही बाजू कोनी मांडी नही."

सरांना वाटलं, 'माझी बाजू' हे तो त्या नायकाच्या वतीनं बोलतोय. ते खूश झाले! "वा! मांड ना मग तू. मांड त्याची बाजू." हेमंत उठून आत गेला. त्याच आठवड्यात तो गाडीत बसून सुरतला गेला आणि तिथल्या कापड मार्केटात एका साडीच्या दुकानात कामाला लागला. आईला फोन करायचा. बाप समोर असला तर 'मंग करस' म्हणून ठेवून द्यायचा. सणावाराला आला तर मामाकडे उतरायचा, वहिनी तिकडे जाऊन भेटायच्या.

त्यानंतर काही रविवार आमची बैठक भरलीच नाही. पुन्हा सुरू झाली तेव्हा सरांनी तो नियम सांगितला. आम्हाला वाटलं, शिकवण्याची नवी तऱ्हा आहे. शिक्षक माणूस, काहीतरी नवीन काढायचाच. मला खूप उशिरा उमगलं की ते प्रायश्चित्त होतं, आणि तेही चुकीच्या दारात चाललेलं. पडद्यावरच्या दारुड्यांची, लबाडांची, बायका सोडून जाणाऱ्यांची बाजू सरांनी वर्षानुवर्षं जीव तोडून मांडली. सुरतचा नंबर मात्र एकदाही फिरवला नाही. वहिनी एकदा स्वयंपाकघरातून सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या होत्या, "जगनी बाजू मांडतस, घरनी मांडाले तोंड नही." सर चहाच्या कपात बघत राहिले.

एकदा आम्ही एक तीन अंकी नाटक पाहिलं. त्यात एक वैद्य आहे. नाडीवर बोट ठेवताच रोग सांगणारा. हाताखाली शिकणाऱ्या स्वतःच्या मुलाकडून एक मात्रा चुकते, आणि हा बाप भरल्या गावासमोर मुलाच्या सगळ्या चुका एकेक करून सांगतो. मुलगा गाव सोडतो. तिसऱ्या अंकात वैद्य स्वतः आजारी पडतो आणि आपलीच नाडी त्याला लागत नाही. नाटक संपलं तशी मी मुद्दाम खोडी काढली. म्हणालो, वैद्याचं वकीलपत्र आज सर घेतील. सर म्हणाले, "नाही घेणार." मी म्हणालो, सर, बाजू प्रत्येकाला असते, हे तुमचंच वाक्य आहे. सर टीव्हीपाशी गेले. मग म्हणाले, "असते रे. पण ती दुसऱ्यानं मांडायची असते. स्वतःची स्वतः मांडली की नुसती सबब होते." आणि त्यांनी टीव्ही बंद केला.

माझ्या भाचीचं लग्न ठरलं तेव्हा बस्ता बांधायला, म्हणजे लग्नाचे कपडे घ्यायला, आम्ही सगळे सुरतला निघालो. आमच्याकडे बस्ता म्हटलं की सुरतच. सर म्हणाले, मीही येतो. ज्या माणसाला पैठणी आणि पडदा यातला फरक कळत नाही तो बस्त्याला कशाला येतोय, हे न कळण्याइतका मी काही मठ्ठ नाही. बायका एका दुकानात रमल्या तसे आम्ही दोघं तिथून सटकलो. हेमंतचं दुकान त्यांनी कुणाकडून विचारून ठेवलं होतं, कोण जाणे. समोर चहाची टपरी होती, तिच्या आडोशाला सर उभे राहिले. दुकानात हेमंत पांढऱ्या गादीवर बसून दोन बायकांना साड्या दाखवत होता. अंगानं भरला होता, केस विरळ झाले होते. त्या बायकांनी ढीगभर साड्या उलगडायला लावल्या आणि काही न घेता त्या निघून गेल्या. हेमंतनं तो सगळा ढीग पुढे ओढला आणि एकेक साडी घडी करायला घेतली. काठाला काठ जुळवून, हातानं दाबून, सावकाश. मी म्हणालो, "सर, आता रिकामा आहे. चला आत." सर हलले नाहीत. शेवटची साडी घडी होईपर्यंत बघत राहिले, मग म्हणाले, "चाल." आणि मागे फिरले. मला त्यांचा इतका संताप आला की मी त्यांच्याशी स्टेशनापर्यंत बोललो नाही.

परतीच्या गाडीत सर आपणहून बोलले. रविवारी ते पुस्तकी मराठीत बोलायचे; त्या दिवशी अहिराणीत बोलले. "अरुण, गिऱ्हाईक रिकामा हाते गयं, तरी त्यानी एक बी साडी अर्धी सोडी नही. मन्हं वाचनच चुकनं भाऊ." मी म्हणालो, हे मला काय सांगता, त्याला सांगा. "सांगसू. पुढला खेपले मधमा जासू." पुढच्या खेपेला आत जाईन... ती खेप झाली नाही. आधी गुडघे, मग डोळ्याचं ऑपरेशन, मग नुसतीच आज-उद्या. पात्रांच्या चालढकलीवर हा माणूस तासभर बोलू शकायचा.

आमच्याकडे माणूस गेलं की लोक 'दारावर' येतात. घरचे पुरुष दाराशी चटईवर बसतात, गावोगावचे लोक येतात, थोडा वेळ बसतात, गेलेल्याचं नाव चांगलं काढतात आणि उठतात. हेमंत सुरतहून आला होता, अग्नी त्यानंच दिला. डोकं भादरलेलं, खांद्यावर पंचा, चटईवर तो मान खाली घालून बसला होता. येणारा प्रत्येक जण म्हणत होता, "देवमानूस व्हता." हेमंत मान हलवत होता. मी शेजारी बसून मनातल्या मनात जळत होतो. देवमाणूस म्हटलं की विषय संपतो, आणि हा विषय त्या पोराच्या दृष्टीनं संपलेला नव्हता. बाप त्याला अर्धवट ठरवून गेला, एवढंच त्याच्याजवळ होतं, आणि त्यापलीकडचं जे होतं ते माझ्याजवळ होतं. मी मेलो असतो तर तेही गेलं असतं.

दुपारी गर्दी ओसरली. हेमंतनं माझ्याकडे न बघता विचारलं, "काका, नानानी मन्हं नाव कधी काढं का?"

मी सरांची बाजू मांडली. त्या रविवारी त्यांना कळलंच नव्हतं की ते कुणाबद्दल बोलताहेत, हे सांगितलं. नियम कसा आला ते सांगितलं, वैद्याचं वकीलपत्र नाकारलं ते सांगितलं. मग बस्त्याचं सांगितलं. टपरीचं, घड्यांचं, गाडीतल्या बोलण्याचं. म्हणालो, "तू पूर्ण करणारा माणूस आहेस, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं बाबा. तुला सांगायचं राहिलं."

हेमंतनं खांद्यावरचा पंचा सारखा केला. मग म्हणाला, "मी नानाले दखं व्हतं."

पाहिलं होतं? मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"टपरीजोडे उभा व्हतात. मी दखं. घड्या घालाले दुकानमा दुसरा मानसे शेतस काका, ते मन्हं कामच नही. पन माले वाटनं, जवलोंग मी घड्या घालसू तवलोंग नाना उभा ऱ्हातीन. मधमा येतीन." म्हणजे घड्या संपेपर्यंत बाप थांबेल आणि आत येईल, म्हणून तो सावकाश घालत होता. "मंग साड्याच सरन्यात."

आमच्या नियमाप्रमाणे बाजू मांडून झाली की दोष काढायचा असतो. मला काढता आला नाही, बापाचाही नाही आणि लेकाचाही नाही. मी रडत होतो, एवढंच. आतून वहिनींनी विचारलं, "काय झायं रे हेमू?" तो म्हणाला, "काही नही माय. काका नानाबद्दल सांगी ऱ्हायनात." गल्लीच्या तोंडाशी आणखी माणसं दारावर येताना दिसली. हेमंतनं पंच्यानं तोंड पुसलं आणि त्यांना बसायला जागा व्हावी म्हणून तो माझ्याकडे सरकला.